जपानातल्या शेवया

कारंज्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी नोकरी करतो. कापसाची गाडी काट्यावर आली की तिचं वजन घ्यायचं, कापसात हात घालून आणि मीटर लावून ओलावा पाहायचा, हे माझं काम. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर ठीक, त्याच्या वर गेला की वाद सुरू. अशी पंचवीसेक वर्षं काढल्यावर माणसाला प्रत्येक गोष्ट आकड्यात सांगायची सवय लागते. घरच्यांना त्याचा कंटाळा येतो हेही मला ठाऊक आहे.

आमची मुलगी ओसाकाला नोकरीला आहे. दरवर्षी ती बोलवायची आणि दरवर्षी मी कापसाचा हंगाम पुढे करायचो. या वेळी फेब्रुवारीच्या शेवटी निघालो. त्याला कारण होतं बायकोचं जेवण.

दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला, सर्दी झाली, आणि दोन्ही बरी झाल्यावर तिला वास येईनासा झाला. सोबत जिभेची चवही जवळजवळ गेली. तिखट झोंबतं तेवढं कळतं, बाकी सगळं सारखंच. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नाकात दोष नाही, आतल्या नसेचा आहे. परत येईल किंवा येणार नाही. पण खाणं सोडू देऊ नका.

तिने खाणं सोडलं नव्हतं, पण ती नावाला खात होती. बासष्ट किलोची बाई त्रेपन्नवर आली. पूर्वी ती फोडणीच्या वासावरून ओळखायची की लसूण आणखी किती वेळ राहू द्यायचा. आता एकदा पाहुणे आलेले असताना तिने वरणात दोनदा मीठ टाकलं. पाहुण्यांनी मुकाट्याने खाल्लं. मीही खाल्लं. ताटं उचलताना तिने सगळ्यांच्या वाट्या पाहिल्या, प्रत्येकात वरण उरलेलं. त्या दिवसापासून स्वयंपाकातला तिचा जीव गेला. मी मदत म्हणून मिठाचं माप ठरवून दिलं. एवढ्या वरणाला एवढे चमचे, एवढ्या भाजीला एवढे. त्या मापाने स्वयंपाक बिनचूक व्हायला लागला आणि ती आणखी कमी जेवायला लागली. आम्हाला वाढून ती म्हणायची, "तुमी खा, माह्यं होईन मंग." ते मंग कधी अर्धी भाकर असायचं, कधी नुसता चहा.

मुलीने फोनवर सांगितलं, "आई, इथं ये. इथलं जेवण पाय तं खरी."

"मले काय फरक पडते? गवत खाल्लं काय अन् जपानचं खाल्लं काय."

"मंग गवत इथं येऊन खा," मुलगी म्हणाली. अशा रीतीने आमचं जाणं ठरलं. तिकिटं तिनेच काढली.

टोकियोला उतरलो. मुलगी विमानतळावर घ्यायला आली होती. पहिले तीन दिवस तिथेच काढले. त्या शहराबद्दल सगळ्यांनीच सांगितलेलं असतं, की गाड्या वेळेवर येतात, रस्ते स्वच्छ असतात. ते खरं आहे, मी घड्याळ लावून पाहिलं. पण मला जास्त कौतुक वाटलं ते एका दुकानात एकच पदार्थ करण्याचं. एक माणूस फक्त नूडल करतो, दुसरा फक्त तळतो, तिसरा तांदळाच्या पिठाचे गोळे भाजतो, आणि कुणालाही दुसऱ्याचं काम आपल्या दुकानात आणावंसं वाटत नाही. आपल्याकडे एका हॉटेलच्या पाटीवर डोसाही असतो, चायनीजही आणि चुलीवरचं मटणही. एका छोट्या दुकानात म्हाताऱ्याने आमच्या तिघांसाठी तीन ताटांत नूडल वाढले. हाताने, माप न लावता. मी तिन्ही ताटं वजनदाराच्या नजरेने पाहिली. मला फरक सापडला नाही, आणि अशा बाबतीत मी सहसा हार मानत नाही.

काचेच्या कपाटात प्रत्येक पदार्थाची मेणासारखी हुबेहूब नक्कल ठेवलेली असते. भाषा न येणाऱ्याने बोट दाखवावं आणि तेच मिळावं. आणि मिळतंही तेच, तेवढंच. नकलेत चार तुकडे असले तर ताटात चार. माझ्यासारख्याला याहून जास्त काय हवं?

असाकुसाच्या देवळाजवळ एका लाकडी बाकासमोर बसून आम्ही टेम्पुरा खाल्ला. टेम्पुरा म्हणजे आपल्या भज्यांचा गरीब स्वभावाचा भाऊ. पीठ इतकं पातळ की आतली भाजी दिसते. समोर उभा असलेला आचारी एकेक तुकडा तळायचा आणि थेट आपल्या पुढ्यात ठेवायचा. कमळाच्या देठाची चकती आली, भोकाभोकांची. बायकोने ती उचलली, चावली आणि हात वर केला.

"चूप बसा जरा दोघं. आयकू द्या."

आम्ही गप्प झालो. ती चावत होती, आणि त्या कुरकुर आवाजाकडे तिचं लक्ष होतं. दुसरा तुकडा घेतला, रताळ्याचा. त्याचा आवाज वेगळा, जाड. तिसरा कोळंबीचा. चौथ्या तुकड्याला तिने हात लावला नाही.

"काहून, आई?" मुलीने विचारलं.

"आवाज चांगला हाय. पण आवाजानं पोट भरते काय?"

आचाऱ्याने राहिलेल्या तुकड्याकडे पाहिलं आणि तो पुढचे तुकडे तळायचा थांबला. मुलीने त्याला काहीतरी सांगितलं. तो वाकला. मीही वाकलो. जपानात माणूस फार लवकर वाकायला शिकतो.

क्योटोला दोन दिवस होतो. तिथे लाल कमानींच्या रांगेतून डोंगर चढलो, सोन्याच्या वर्खाचं देऊळ तळ्यात पाहिलं, जुन्या गल्ल्यांतून फिरलो. तक्रार करायची तर एकच आहे, कचराकुंडी शोधून सापडत नाही. केळ्याची साल मी अर्धा दिवस खिशात घेऊन हिंडलो. मुलगी म्हणाली की कचरा घरी न्यायची इथली पद्धत आहे. मग मला त्या पद्धतीचंही कौतुक वाटलं, साल खिशात असूनही. एका दुकानात मातीच्या भांड्यात गरम पाण्यातलं टोफू खाल्लं. बायको म्हणाली, लेकराच्या गालासारखं लागते. खाल्लं मात्र दोन घास.

बाजारात लोणच्यांची लांबच लांब गल्ली होती. मुळा, वांगी, काकडी, कोबी, सगळं मिठात आणि भाताच्या कोंड्यात मुरवलेलं. दुकानदार काडीला टोचून चव बघायला देत होते. मी खात होतो आणि बायकोकडे न पाहता पुढे सरकत होतो. हे असं मी दोन वर्षं करत आलो होतो. ज्याचा वास तिला येणार नाही त्याचा उल्लेख मी टाळायचो. घरात आंबा कापला तरी मी काही बोलायचो नाही. मला वाटायचं, हे तिला बरं पडतं.

क्योटोहून नारा. आमच्या घरी बुद्धवंदना होते, आणि नाऱ्याच्या मोठ्या बुद्धाचं चित्र आम्ही कॅलेंडरवर पाहिलेलं. बायकोने त्या दिवसासाठी पांढरी साडी बॅगेत आणली होती. वरून मुलीचं जाड जाकीट, पायात मोजे आणि बूट. मूर्ती पंधरा मीटरची आहे, बसलेली. आकडा मला आधीच माहीत होता, पण आकडा माहीत असूनही मान वर करताना मी थोडा मागे सरलो. आम्ही तिघांनी हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या एका जपानी आजीला शब्द कळले नाहीत, पण आमचं संपेपर्यंत ती जागची हलली नाही आणि मग तिने आपले हात जोडले.

बाहेर एका मोठ्या पितळी भांड्यात उदबत्त्या जळत होत्या. लोक धूर हाताने अंगावर ओढून घेत होते. बायको भांड्यापाशी उभी राहिली, धूर तिच्या तोंडावरून गेला.

"धूर दिसून राह्यला," ती म्हणाली. एवढंच.

मी हरणांकडे पाहत राहिलो. नाऱ्याला हरणं रस्त्यावर मोकळी फिरतात आणि बिस्किटासाठी माणसांना मान लववतात. त्या दिवशी दुपारी ती जेवली नाही. भातावर वाफाळलेला मासा समोर होता. तिने तो माझ्या ताटात सरकवला. मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, मी उगाच बोलावलं का?" खरंच मलाही तसंच वाटायला लागलं होतं. निम्मा प्रवास झाला होता आणि बाई घरच्यापेक्षा कमी खात होती.

दुसऱ्या दिवशी मुलीने आधीच ठरवून ठेवलेलं एक ठिकाण होतं. नाऱ्याच्या दक्षिणेला मिवा नावाचा भाग आहे. तिथे घरोघरी बारीक शेवया करायचा जुना धंदा, त्याला सोमेन म्हणतात. मुलीच्या ऑफिसातल्या एका बाईच्या ओळखीने एका म्हाताऱ्या जोडप्याच्या कारखान्यात आम्हाला पाहायला परवानगी मिळाली होती. कारखाना म्हणजे घराला लागून असलेली लांब खोली आणि पुढे अंगण.

सरकतं दार उघडलं आणि मला आमच्या जिनिंगचा, कापसाच्या बीचा म्हणजे सरकीचा वास आला. मी दारातच थांबलो. सरकी पेरतात, सरकी गुरांना घालतात, सरकीचं तेल काढतात, आमच्या तालुक्यात हा वास ओळखू न येणारा माणूस मिळणार नाही. सवयीने मी गप्प राहिलो.

"काय झालं? थांबले काहून?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"अवो, काही नाही कसं? तोंड पाहा तुमचं."

"सरकीचा वास येऊन राह्यला. आपल्या तेलघाणीवर येते तसा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, चूक झाली. ती आत गेली. कोपऱ्यात तेलाचा डबा होता. त्या घरच्या आजीने तिचं लक्ष पाहून डब्याचं झाकण काढलं. बायकोने आधी परवानगीसाठी तिच्याकडे पाहिलं, मग बोट बुडवून अंगठ्यावर घासलं.

"सरकीचंच हाय," ती मला म्हणाली. मग आवाज उतरवून, "सांगत जा ना. मले वास येत नाही म्हणून मले सांगूच नये असं कुठं लिहेल हाय? दोन वरसं झाले, तुमी घरात मुक्यासारखे जेवून राह्यले."

मुलीने विचारल्यावर आजीने सांगितलं, पिठाच्या दोऱ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना सरकीचं तेल लावतात. पूर्वीपासून हेच तेल. मी माझ्या कामाचं सांगितलं, कापसाचं, सरकीचं. तिचा नवरा, वाकलेला पण हात मजबूत असलेला म्हातारा, जवळ आला आणि त्याने मान हलवली, जणू मी त्यांच्याच गावचा आहे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बायकोचं माहेर आसेगावचं. तिकडे उन्हाळ्यात एका घरी शेवया सुरू झाल्या की गल्लीतल्या बाया जमतात. रव्याचा उंडा तेल लावून मळायचा, हाताने ओढून ओढून त्याचे दोरे करायचे, ते दुहेरी-चौहेरी करत बारीक करायचे आणि काठीवर वाळत घालायचे. अशा घरात पाहुणी आली आणि नुसती उभी राहून बघत राहिली, तर तिला शेवया जड झाल्या म्हणतात. उंबऱ्यातून आत आलं की हात धुवायचे, पदर खोचायचा आणि निदान एक काठी ओढायची. ओढायला येत नसेल तर वाळलेल्या उचलायच्या. रिकाम्या हाताने कुणी उभं राहत नाही.

खोलीत उंच लाकडी चौकटी होत्या. त्यांच्या वरच्या काठीवरून खालच्या काठीपर्यंत शेकडो पांढरे दोर लोंबत होते, सुतापेक्षा थोडे जाड. आजी लांब काड्यांनी त्यांना अलगद वेगळं करत होती. आमच्यासाठी जमिनीवर दोरी लावून जागा आखली होती, तिथे उभं राहून पाहायचं. मी आणि मुलगी उभे राहिलो. मी एका चौकटीतले दोर मोजायला सुरुवात केली.

बायको दिसेना. पाहतो तर ती कोपऱ्यातल्या नळावर हात धूत होती. हात धुतले, पदराला पुसले, पदर खोचला आणि दोरी ओलांडून सरळ पलीकडच्या चौकटीपाशी गेली. मी काही म्हणण्याच्या आत तिने खालची काठी दोन्ही हातांनी धरली आणि आसेगावच्या पद्धतीने एक झटका दिला.

दोर तुटले. सगळे नाही, पण अर्धे तरी. आवाज फार बारीक झाला, पावसाचे दोन थेंब पत्र्यावर पडावेत तेवढा.

"आई, काय करून राह्यली तू," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हातारा पलीकडून धावत आला. मुलगी कमरेत वाकून जपानीत माफी मागत होती, मी मागे उभा राहून वाकत होतो आणि बायको हातात काठी घेऊन तशीच उभी. तिच्या हातावर तुटलेले दोर पडले होते.

"अवो, मले वाटलं..." ती म्हणाली.

आजी आली. तिने काठी बायकोच्या हातातून काढून घेतली, बाजूला ठेवली. मग बायकोचा हात उलटा केला आणि बोटांच्या टोकांकडे पाहिलं, डॉक्टर पाहतात तसं. काहीतरी बोलली.

"विचारून राह्यली," मुलीने सांगितलं, "तुम्ही घरी हे काम करता का म्हणून."

बायकोने सांगितलं. मुलीने भाषांतर केलं, उन्हाळा, रवा, काठी, गल्लीतल्या बाया, आणि रिकाम्या हाताने उभं न राहण्याची रीत. आजी ऐकता ऐकता हसायला लागली. म्हातारा हसला नाही. तो अजून तुटलेल्या दोरांकडे पाहत होता, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. त्याची सकाळपासूनची मेहनत होती.

"म्हणते, पहिले इथेही शेजारच्या बाया मदतीला यायच्या. आता कोणी येत नाही," मुलगी म्हणाली. "म्हणते, तू उशिरा आली."

मग आजीने बायकोला टोपी दिली, एप्रन दिला, आणि दुसरी चौकट दाखवली. इथे ओढायचं नसतं, थांबायचं असतं. पीठ रात्रभर मुरतं, सकाळी थोडं लांबतं, मग पुन्हा मुरायला ठेवतात, पुन्हा थोडं लांबवतात. आजीने बायकोच्या हातांवर आपले हात ठेवले आणि काठी खाली नेली. इतकी सावकाश, की मला ती हलते आहे हे कळायला वेळ लागला. दोर लांब झाले. एकही तुटला नाही.

"आपल्याकडं उन्ह रायते ना," बायको मान न वळवता मला म्हणाली. "थांबलं तं वाळून जाते, म्हणून घाई करा लागते. इथं थंडी हाय. हिले घाई नाही." गेल्या दोन वर्षांत तिने एका दमात एवढं बोललेलं मला आठवत नाही.

दुपारकडे म्हातारा-म्हातारी दुसऱ्या दिवसाच्या पिठासाठी मिठाचं पाणी करायला बसले. आजीने बादलीत मीठ घातलं, ढवळलं आणि नवऱ्याला हाक मारली. त्याने बोट बुडवून चाखलं, मान हलवली. तिने आणखी मूठभर घातलं. पुन्हा हाक. त्याने पुन्हा चाखलं. मी प्रमाण विचारलं, कारण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. म्हातारा म्हणाला, रोजचं प्रमाण वेगळं. वारा कोरडा असला तर कमी, दमट असला तर जास्त. आकडा आहे, पण तो त्या दिवसाचा. मला ते एकदम पटलं. सकाळी दव पडलेला कापूस आणि दुपारी उन्हातला कापूस, गाडी तीच, आकडा दुसरा.

बायकोचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं. तिने मुलीला विचारलं, "हे दरवेळी त्याले कायले बलावते? हिले स्वतःले समजत नाही काय?"

मुलीने संकोचत विचारलं. आजी पाणी ढवळत ढवळत उत्तरली, आणि म्हाताऱ्याने मध्येच काहीतरी भर घातली. दोघं एकमेकांवर खेकसले.

"म्हणते, माझी जीभ मिठाच्या बाबतीत पहिल्यापासून बेकार आहे. लग्न झालं त्या वर्षी मी सगळी खेप खारट केली. तेव्हापासून चाखायचं काम याचं. अन् तो म्हणते, माझे हात बेकार आहेत, मी ओढलं तर तुमच्या आईसारखं तुटते."

बायको हसली. मला वाटलं आणखी काही विचारेल, पण तिने विचारलं नाही. ती आजीकडे पाहत होती. आजीने तिसऱ्यांदा नवऱ्याला हाक मारली, अगदी सहज, जसं कुणी पाणी मागतं. त्याने चाखलं आणि हात वर केला. झालं.

निघण्याआधी आजीने तुटलेले दोर आणि काठीवरची वळलेली टोकं गोळा केली. ही टोकं विकत नाहीत, घरात रस्स्यात घालून खातात. तिने ती उकळली, कांद्याच्या पातीसोबत गरम रस्स्यात घातली आणि आम्हा तिघांना वाडगे दिले. बाहेर अंगणात थंडगार वारा होता, चौकटींवरचे दोर हलत होते. मी पहिला घोट घेतला आणि बायकोकडे पाहिलं. या वेळी मी सांगायला सुरुवात केली.

"सुक्या मासोळीचा वास हाय. सोबत जरासा सोयाबीनच्या पाण्याचा. पातीचा हिरवा वास वरून. अन् खाली कुठंतरी आपली सरकी."

"हां," ती म्हणाली. टोकं तिने चावली. ती थोडी जाड असतात, दातांना लागतात, मग सरकन घशात जातात. "मऊ नाही हो हे. दातात ढकलते, अन् मंग सुटून जाते. आपल्या फळांसारखं. पण फळं एवढी गुळगुळीत नाहीत होत." फळं म्हणजे वरणात शिजवलेले कणकेचे तुकडे, आमच्याकडचं पोटभरीचं जेवण.

तिने वाडगा संपवला. आजीने न विचारता पुन्हा भरला. तोही संपवला. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी तिला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. आपल्यावर लक्ष आहे असं वाटलं की बायको सावध होते, हे मला मिठाच्या चमच्यांवरून कळलं होतं.

ओसाकाला परतताना गाडीत ती खिडकीपाशी बसली. खिडकीतून घरं, शेतं, निळी कौलारू छपरं, कपडे वाळत घातलेल्या गच्च्या जात होत्या. एका स्टेशनावर शाळेची मुलं चढली आणि रांगेत उभी राहिली, कुणी सांगितलं नसताना. माझी नजर त्यांच्यावर होती.

पुढचे दिवस ओसाकात गेले. हे शहर टोकियोपेक्षा मोकळं आहे. लोक मोठ्याने हसतात, दुकानदार हाका मारतात, आपल्या आठवडी बाजारात आल्यासारखं वाटतं. किल्ला पाहिला, त्याच्या खंदकाचे दगड इतके मोठे की ते वर कसे चढवले याचा हिशेब मी अजून लावतो आहे. संध्याकाळी कालव्याकाठच्या खाऊगल्लीत गेलो. मी नाकाचं काम करत होतो, बायको दातांचं.

"कोबी भाजल्याचा वास. वर काहीतरी गोड जळून राह्यलं, गूळ जळल्यासारखं."

"अन् हे?"

"समुद्राचा. मासोळीचा भुगा."

ती तव्यावरचे गोल गोळे पाहत होती. आत आठपायी मासोळीचा तुकडा असतो. तिने एक अख्खा तोंडात टाकला, तोंड पोळलं, हाताने वारा घालत राहिली. "बाहेरून कडक, आतून खिरीसारखं," ती म्हणाली, "अन् मधात रबर." दुकानदार पोऱ्या तिच्या तोंडाकडे बघून हसत होता. तिने बोटाने आणखी एक ताट दाखवलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलीच्या खोलीवर होतो. खोली एवढी लहान की गॅसपाशी उभं राहिलेला माणूस आणि पलंगावर बसलेला माणूस एकमेकांचे हात धरू शकतील. बायको म्हणाली, आज बाहेर नको, मी करतो. तिने बॅगेतून आणलेली तूर डाळ शिजवली, कणीक मळली, लाटून तुकडे केले. मी पलंगावर बसून पाहत होतो. मुलीने मीठ कुठे आहे ते दाखवलं, सोबत मोजायचा चमचाही काढून ठेवला. बायकोने चमचा बाजूला सरकवला आणि चिमटीने मीठ घातलं. ढवळलं. मग पळीत थोडं वरण घेतलं, फुंकर मारली आणि पळी माझ्यापुढे धरली.

"चाखून पाहा."

मी चाखलं. खरं सांगायचं की नाही, हा प्रश्न क्षणभर मनात आला. माप ठरवून दिल्यापासून घरात मिठाबद्दल एक शब्द बोलायची सोय नव्हती.

"कमी हाय," मी म्हणालो. "बरंच."

"बरंच म्हणजे किती?"

"तुही चिमूट, दोनदा."

तिने दोन चिमटी घातल्या. "आता?"

"आता बरोबर."

"वास?"

"लसणाचा. जिऱ्याचा. खाली लागलं नाही अजून, पण आता गॅस कमी कर."

"ते माह्यं काम हाय," ती म्हणाली आणि गॅस कमी केला.

मुलीने तीन वाडगे मांडले. बायकोने मुलीला वाढलं, मला वाढलं आणि स्वतःला वाढून घेतलं, आमच्या सोबतच. फळं तिने इतकी बारीक लाटली होती की ती रस्स्यात गुळगुळीत होऊन घसरत होती. ती मिव्याच्या आजीकडून शिकली की आपोआप झालं, मी विचारलं नाही. तिने पहिला वाडगा संपवला आणि पातेल्यातून दुसरा काढून घेतला.

"बाबा, उद्या विमान दुपारचं हाय," मुलगी म्हणाली. "सकाळी निघताना घाई होईन. नाष्टा राहू द्यायचा का?"

"नाष्टा कायले राहू द्यायचा?" बायको तोंडातला घास न थांबवता म्हणाली. "विमानात काय देतील कोणाले माहीत. तुले ते कोपऱ्यावरचं भाताच्या गोळ्याचं दुकान माहीत हाय ना, ज्याच्यावर शेवाळाचा काळा कागद गुंडाळते? त्याचा कागद लय कडकड वाजते. सकाळी किती वाजता उघडते ते, पाय."